चौथीतल्या मुलाला एडीएचडी आहे, शाळेकडे नेमकं मागायचं काय? (ग्वाल्हेर)

जनकगंजची_आई
नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा, सीबीएसई शाळेत चौथीत. गेल्या महिन्यात बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही, तो त्रास. दोन फॉर्म भरायचे होते, एक आम्ही आणि एक वर्गशिक्षिकेनं. बाईंनी तो स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या, भिंतीला लावून दोन मिनिटांत भरून दिला.

सासूबाईंचं म्हणणं, "याचा बापही असाच होता, दप्तर शाळेत आणि स्वारी घरी." (बापाचं आजही स्कूटरच्या किल्लीवाचून अडतं, ते जाऊ दे.) डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाल्या, "आता पोराला आरोग्यशाळेत नेणार का?" ग्वाल्हेरवाल्यांना कळेल, इथे आरोग्यशाळा म्हणजे मनोरुग्णालय.

शाळेचं दुखणं वेगळंच. डायरीत लाल शाईनं "केअरलेस", तीनदा. एप्रिलपासून एकवीस पेन्सिली झाल्या. आठवड्यातून दोनदा तरी वर्गाबाहेर उभा असतो. सहामाहीच्या गणितात पन्नासपैकी एकवीस. पेपर हातात आला तेव्हा बघते तर पहिल्या पानावरची सगळी गणितं बरोबर आणि मागचं पान कोरं. कठीण होतं म्हणून नव्हे, मागे पान आहे हेच त्यानं पाहिलं नाही. हाच मुलगा स्कूटरवर मागे बसून बाडा ते कंपू सतराचा पाढा म्हणतो.

पालकसभेत बाई म्हणाल्या, "घर में मराठी बोलते हो ना, इसलिए कन्फ्यूज़ होता है. बंद कर दीजिए." तेव्हापासून डोकं ठणकतंय. आजीशी बोलायचं तरी कुठल्या भाषेत त्यानं?

रिपोर्ट द्यावा का शाळेला? शिक्का बसेल का? आणि मागायचं तर काय काय?

सूर्यनमस्कार६२
ताई, हे हल्लीचं फॅड आहे. आमच्या वेळी दोन धपाटे पडले की एडीएचडी जात असे. ब्राह्मी द्या, मोबाइल काढून घ्या.

जनकगंजची_आई
काका, मोबाइल त्याला मिळतच नाही. आणि धपाटे आमच्याकडेही पडून झालेत, त्याची मला लाज वाटते.

इंदूरची_स्पेशल_एज्युकेटर
ताई, आधी मराठीचं. बिलकुल बंद करू नका. घरात दुसरी भाषा बोलल्यानं एडीएचडी होत नाही, वाढतही नाही.

आता कायदा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत. त्यात एडीएचडी नावानं नाही, पण वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता आहे. पुष्कळ मुलांत दोन्ही बरोबर असतात, म्हणून ती तपासणी करून घ्या. पुढे दहावीच्या बोर्डाला प्रमाणपत्र असलं तर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण तास. पण चौथीचे पेपर शाळेचेच. तिथे पंधरा मिनिटं जादा द्यायला मुख्याध्यापिका मनात आणतील तर प्रमाणपत्राची वाट बघावी लागत नाही.

वर्गाबाहेर उभं करणं मात्र चालवून घेऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. गंमत म्हणजे दिव्यांग कायद्यातही परीक्षेतल्या सवलतींचं कलम १७च आहे. मला पाठ करायला सोपं गेलं.

मागताना "लक्ष द्या" असं मागू नका, बाई "देतेच की" म्हणतात आणि विषय संपतो. बाईंना करता येईल असं छोटं काम मागा. पुढचा बाक, पण दाराजवळचा नको. एका वेळी एकच सूचना. पेपर गोळा करताना मागचं पान उलटून बघायला सांगणं. तासाच्या मध्ये त्याला काहीतरी आणायला पाठवणं, म्हणजे हालचालही होते आणि अपमान होत नाही. मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापू नये, हेही लिहा, कारण याच मुलांना ती सगळ्यात जास्त लागते. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

बडोद्याचा_बाप
ताईंच्या म्हणण्यात माझी भर. पूर्ण रिपोर्ट देऊ नका. आमच्या मुलीच्या रिपोर्टात गरोदरपणापासून घरातल्या भांडणांपर्यंत सगळा इतिहास होता. मी शहाण्यासारखा तो ऑफिसात दिला आणि पुढच्या आठवड्यात बसवाल्या काकांनाही सगळं माहीत! डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या: निदान, वर्गात काय दिसेल, काय केल्यानं मदत होईल. बस.

दुसरं, मी पहिल्यांदा गेलो तो कायद्याची पानं घेऊन, आवाज चढवून. शाळा अशी आखडली की वर्षभर कुणी धड बोललं नाही. दुसऱ्या वर्षी हिनं मुलीच्या दोन वह्या नेल्या. एक वर्गातली, अर्धवट. दुसरी घरची, दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून केलेली, पूर्ण. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि गप्प बसली. बाईंनी स्वतःहून पानं उलटली.

औषध चालू केलं तर शाळेला सांगा. आमच्या मुलीला मेथिलफेनिडेट आहे, त्यानं दुपारी भूक मरते. डबा भरलेला परत यायचा आणि शाळेतून चिठ्ठी, "मुलगी जेवत नाही." आता गोळीच्या आधी पोटभर थालीपीठ, आणि संध्याकाळी पाचला तिचं खरं जेवण. वजन डॉक्टर बघत असतात.

जनकगंजची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

एका पानाचं पत्र आणि तो गणिताचा पेपर घेऊन गेले. कायदा पर्समध्येच राहू दिला. बाईंनी कोरं पान बघितलं, पुढचं बघितलं, परत मागचं बघितलं. मग म्हणाल्या, "मैडम, छियालीस बच्चे हैं मेरे पास." पहिल्यांदाच मला त्यांची दया आली. फॉर्म उभ्या उभ्या का भरला होता तेही कळलं, त्यांच्या वर्गाला मध्ये मोकळा तासच नाही.

जादा वेळ मिळाला नाही, मुख्याध्यापिका "देखते हैं" म्हणाल्यात. आवक शिक्का आहे, पुन्हा जाईन. वर्गाबाहेर काढणं थांबलंय. तिसऱ्या तासाला हजेरीचं रजिस्टर ऑफिसात न्यायचं काम त्याला मिळालं, त्याची ऐट विचारू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. औषधाचं अजून ठरलं नाही, घरात एकमत नाही.

पेन्सिली मात्र चोवीस.

आणि मागचं पान विसरू नये म्हणून आम्ही ठरवलं की पेपर मिळाला की आधी खाली कोपऱ्यात "मागे बघ" लिहायचं. परवाच्या युनिट टेस्टला त्यानं लिहिलं. घाईत "बघ"ला काना पडला. बाईंनी विचारलं, "ये बाघ किसलिए लिखा है?" यानं सगळं समजावून सांगितलं म्हणे, अगदी उभं राहून, सगळ्या वर्गाला. आता पेपर गोळा करायच्या आधी बाई सगळ्यांनाच विचारतात, "पीछे का बाघ देख लिया?"