प्रतिसाद: औषध नंतर, आधी पोंगा उघडून बघा

विट्याच्या दादांनी विचारलंय की दोनदा फवारूनही मक्यातली लष्करी अळी हटेना, आता कोणतं औषध मारू? दादा, फवारा पडतो कुठं ते आधी बघा. अळी पोंग्यात, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुशासारख्या विष्ठेखाली दडून बसते. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय (Y) दिसला की तीच. नुसती पानं धुऊन काय उपयोग? नोझल पोंग्यावर धरा, तेही सकाळी लवकर किंवा संध्याकाळी.

आणि शेजाऱ्यानं मारलं म्हणून मारू नका. पाच जागी वीस-वीस झाडं तपासा. शंभरात दहाएक पोंगे ताजे खाल्लेले असतील तरच इमामेक्टिन ५ एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक), लिटरभर पाण्याला ०.४ ग्रॅम. मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) करायचा असेल तर लेबल वाचूनच, चारा म्हशीच्याच पोटात जाणार आहे.