सोललेले संत्रे पाण्यात तरंगले : घनता आणि प्लावक बल शिकवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मी नागपुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलते ते बल), घनता (वस्तुमान भागिले आकारमान) आणि आर्किमिडीजचे तत्त्व (हे बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते) हा भाग गेल्या आठवड्यात वर्गात घेतला. सध्या मृग बहाराची संत्री बाजारात स्वस्त आहेत, म्हणून अंडे आणि मीठ यांचा नेहमीचा प्रयोग बाजूला ठेवून मी संत्र्यांचा प्रयोग करायचे ठरवले. सालीसकट संत्रे पाण्यात सोडले की ते तरंगते आणि तेच संत्रे सोलून सोडले की बुडते. सोलल्यावर वजन कमी होते, तरीही ते बुडते, आणि मुलांच्या मनातली 'हलके ते तरंगते, जड ते बुडते' ही समजूत मोडायला याहून सोपे उदाहरण मला सुचले नव्हते.

वर्गाचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला एक बादली व एक संत्रे दिले. सालीसकट सहाही संत्री तरंगली. सोलल्यानंतर मात्र चार बुडाली आणि दोन तरंगतच राहिली. त्यांपैकी एक पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकून तिरके उभे होते. ते बोटाने खाली ढकलले तरी सावकाश पुन्हा वर येत होते.

मला खरी काळजी वाटली ती पुढे घडले त्याची. तास संपल्यावर वह्या तपासल्या तेव्हा ज्या दोन गटांची संत्री तरंगली होती त्यांपैकी एका गटाने निरीक्षणाच्या रकान्यात 'बुडाले' असे लिहिलेले आढळले. विचारल्यावर त्यातील मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचे बुडाले, म्हणजे आमचेच चुकले असेल." प्रयोग सुरू करण्यापूर्वी काय होणार हे मीच सांगून टाकले होते, त्यामुळे या उत्तराची जबाबदारी मी माझ्याकडे घेते. डोळ्यांनी पाहिलेले खोडून अपेक्षित ते लिहिण्याची सवय आठवीतच लागली, तर पुढे विज्ञान शिकवण्याला काही अर्थ राहत नाही असे मला मनापासून वाटते.

सोमवारी याच वर्गावर माझा दुहेरी तास आहे. त्याआधी मला पुढील बाबतींत मार्गदर्शन हवे आहे. सोललेली दोन संत्री का तरंगली असावीत, आणि ते मुलांना सांगून न टाकता त्यांच्याकडूनच कसे शोधून घ्यावे? संत्र्याचे आकारमान अचूक कसे मोजावे? आमच्याकडे चोचीचे भांडे (वस्तू बुडवल्यावर सांडणारे पाणी चोचीतून बाहेर देणारे) नाही, आणि मोजपात्राचे तोंड इतके अरुंद आहे की त्यात संत्रे जात नाही. शिवाय बऱ्याच मुलांना असे वाटते की प्लावक बल फक्त तरंगणाऱ्या वस्तूवरच असते आणि बुडालेल्या वस्तूवर ते नसते. हा समज डोळ्यांना दिसेल अशा रीतीने कसा दूर करता येईल? साहित्य म्हणून एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, बादल्या, काचेची मोठी बरणी, दोरा आणि मीठ एवढे उपलब्ध आहे.

प्रतिसाद १

ताई, आमची काटोल भागात संत्र्याची बाग आहे. शाळेतले शास्त्र मला फारसे सांगता येणार नाही, पण फळाविषयी सांगू शकतो. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, त्यामुळे साल आणि फोडी यांच्यामध्ये हवा असते. फळ झाडावर जास्त दिवस राहिले तर साल आणखी सुटते आणि फळ हाताला पोकळ लागते. याशिवाय फोडी जिथे एकत्र येतात तिथे मधोमध एक पोकळी असते. काही फळांत ती अगदी बारीक असते, तर काही फळांत करंगळीचे टोक जाईल एवढी मोठी असते. एखाद्या फळातल्या एक-दोन फोडी कोरड्या पडलेल्या असतात. वरून त्या चांगल्या दिसतात, पण चावल्यावर रस येत नाही. तुमचे जे दोन संत्रे तरंगले त्यांत यांपैकी काहीतरी असणार. सोमवारी मुद्दाम दोन्ही प्रकारचे संत्रे घ्या. हातात जड आणि घट्ट लागणारे काही, आणि दाबल्यावर साल आत जाणारे काही.

प्रतिसाद २

नमस्कार. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. वरील प्रतिसादातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे बहुतांश उत्तर आले आहे. आपण 'संत्र्याची घनता' म्हणतो तेव्हा ती गर, रस, बिया आणि आत अडकलेली हवा या सगळ्यांची मिळून सरासरी घनता असते. रसात साखर असल्यामुळे त्याची घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त असते. हा फरक इतका लहान आहे की मधल्या पोकळीतली चार-पाच मिलिलिटर हवादेखील पारडे फिरवू शकते. त्यामुळे आपला प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. सहाही संत्री बुडाली असती तर मुलांना यातले काहीच दिसले नसते.

आकारमान मोजण्यासाठी आपल्याकडील डिजिटल काटा पुरेसा आहे. बरणी पाऊण भरून काट्यावर ठेवावी आणि काटा शून्यावर आणावा. मग सालीसकट संत्रे अलगद पाण्यात सोडावे. ते तरंगत असताना काटा जो आकडा दाखवेल ते संत्र्याचे वस्तुमान होय. त्यानंतर स्वेटर विणायच्या दोन बारीक सुयांनी संत्रे वरून दाबून पूर्ण पाण्याखाली न्यावे. सुया त्यात टोचू नयेत, नुसत्या दाबाव्यात, कारण भोक पडले तर सालीखालची हवा निसटते. आता आकडा वाढेल. पाणी संत्र्याला जेवढ्या बलाने वर ढकलते तेवढ्याच बलाने संत्रे पाण्याला खाली ढकलते, आणि ते बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. एक घनसेंटीमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक ग्रॅम असल्यामुळे हा दुसरा आकडा म्हणजेच घनसेंटीमीटरमधील आकारमान. पहिल्याला दुसऱ्याने भागले की घनता मिळते.

बुडणारे संत्रे आधी कोरडेच तोलून घ्यावे, मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरावे. ते तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. अशा वेळी काटा शून्य दाखवत नाही, हे मुलांना मुद्दाम पाहू द्यावे. संत्र्याचा उरलेला भार दोरा पेलतो आणि काट्यावर फक्त प्लावक बलाची प्रतिक्रिया येते. बुडालेल्या वस्तूवरही पाणी वरच्या दिशेने बल लावते, याचा इतका थेट पुरावा मला दुसऱ्या कोणत्याही साध्या साधनाने देता आलेला नाही. नंतर दोरा सैल सोडून संत्रे तळाशी टेकू द्यावे. आकडा वाढून संत्र्याच्या पूर्ण वस्तुमानाएवढा होईल, आणि हा फरक का पडला हे मुलांनाच विचारावे.

एक सावधगिरी सांगतो. आपला काटा एक ग्रॅमपर्यंतच मोजतो, त्यामुळे उत्तर दशांशानंतर दोनच स्थळांपर्यंत लिहू द्यावे. गणकयंत्रावर आठ आकडे दिसले म्हणून ते सगळे वहीत उतरवणे बरोबर नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सोमवारचा तास झाला. मुलांनी घेतलेल्या मोजमापांसह वृत्तांत येथे लिहिते आहे.

या वेळी मी काय होणार हे सांगितले नाही. प्रत्येकाने आधी पेनने स्वतःचा अंदाज लिहायचा, त्याखाली निरीक्षण लिहायचे आणि दोहोंपैकी काहीही खोडायचे नाही, एवढाच नियम ठेवला.

एका गटाचे सालीसकट संत्रे तरंगताना काट्यावर १५० आणि पूर्ण दाबल्यावर १७८ असे आकडे आले, म्हणजे घनता सुमारे ०.८४ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. सोलल्यावर तेच संत्रे ११८ ग्रॅम भरले आणि दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवल्यावर काट्याने ११५ दाखवले, म्हणजे घनता १.०३. साल काढल्याने वस्तुमान फक्त ३२ ग्रॅमने कमी झाले, पण आकारमान ६३ घनसेंटीमीटरने कमी झाले, ही वजाबाकी एका मुलाने कोणी न सांगता फळ्यावर मांडली. हलके होऊनही ते का बुडाले याचे उत्तर वर्गाला तिथेच मिळाले.

ज्या मुलीने मागच्या आठवड्यात 'बुडाले' लिहिले होते, तिच्या गटाला मी मुद्दाम हाताला पोकळ लागणारे संत्रे दिले. सोललेले ते संत्रे तरंगले. वस्तुमान १२१ आणि दाबल्यावर १२४, म्हणजे घनता ०.९८. नंतर त्यांनी ते पाण्याखाली धरून मधून थोडेसे उकलले, तेव्हा बुडबुड्यांची एक माळ वर आली आणि संत्रे तळाशी गेले. त्यानंतर सगळ्या फोडी सुट्या करून पाण्यात सोडल्या. दहांपैकी नऊ बुडाल्या, एक तरंगली, आणि ती फोडून पाहिली तर कोरडी निघाली. बागाईतदार दादांनी लिहिले होते तसेच घडले. मुलीने हे सगळे क्रमाने लिहिले आणि मागच्या आठवड्यातील पानावरची नोंद खोडण्याऐवजी तिच्या खाली तारखेसह दुरुस्ती लिहिली.

मिठाचा भागही घेतला. समुद्राच्या पाण्यात एका किलोग्रॅममध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची घनता सुमारे १.०२५ असते, एवढी माहिती देऊन आपले बुडालेले संत्रे वर आणायला किती मीठ लागेल याचा अंदाज मुलांकडून घेतला. एक लिटर पाण्यात दहा-दहा ग्रॅम मीठ घालून दर वेळी पूर्ण ढवळले. चौथ्या वेळी संत्रे तळ सोडून हळूहळू वर आले. एका गटाने न ढवळताच मीठ घातले होते. त्यांचे संत्रे मध्येच अधांतरी थांबले, कारण खाली दाट खारे पाणी आणि वर गोडे पाणी असे दोन थर झाले होते. हा थर आता मी पुढच्या वर्षी मुद्दामच करून दाखवणार आहे.

एक प्रश्न मात्र अजून माझ्याकडे उरला आहे. तास संपताना एका मुलाने विचारले की गणेश विसर्जनाच्या टाक्यात प्लास्टरची मूर्ती तरंगत होती आणि शाडूची मात्र लगेच तळाशी गेली, तर तेही संत्र्यासारखेच आहे का? प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीतली हवा सरासरी घनता कमी करते, इतके मी सांगितले. परंतु ही गोष्टही वर्गात मोजून दाखवता यावी अशी माझी इच्छा आहे. एकाच वजनाच्या चिकणमातीचा एक भरीव गोळा आणि एक पोकळ, तोंड बंद असलेला गोळा करून काट्यावर वरीलप्रमाणेच मोजावे असे मनात आहे. माती पाण्यात विरघळू नये यासाठी त्यावर कशाचा लेप द्यावा, हे कुणी करून पाहिले असल्यास कृपया कळवावे.