मदत हवी आहे: अपघाताच्या क्लेमसाठी नागपुरात वकील कसा निवडायचा? (तातडीचं)

मानकापूर_चौक
दादाचा मोठा अपघात झाला. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, अजून वॉकरवरच आहे. हॉस्पिटलात एक माणूस वकिलाचं कार्ड देऊन गेला होता. काल त्याचा फोन आला, "आत्ता एक पैसा नको, क्लेम मिळाला की 25 टक्के द्या, उद्या सह्यांना या." हा वकील घ्यावा का? नाही तर दुसरा कोण? नाव सांगा, लेक्चर नको.

तर्रीपोहा
भाऊ, कुठं झाला, कधी झाला, समोरून कोणती गाडी होती, एफआयआर आहे का? काहीच लिहिलं नाही. नुसत्या नावानं काय होणार?

मानकापूर_चौक
ताई आहे मी. टिप्परनं मागून ठोकलं, वर्धा जिल्ह्यात केळझरजवळ. दादा बाईकवर होता. एफआयआर आहे, सेलू पोलिसांत. बाकी त्यात काय सांगायचं?

सिव्हिल_लाइन्स
तारीख सांगायची राहिलीच, ताई. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) मध्ये दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिने आहेत. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये.

टक्केवारीचं म्हणाल तर निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि भरपाईत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. हॉस्पिटलात माणूस पाठवून काम मिळवायलाही मनाई आहे. दोन्ही नियम मोडणारा तुमच्या दाव्यात नियमानं वागेल कशावरून?

बर्डीवाला
नियम पुस्तकात असतात हो. टक्क्यांवर काम चालतं हे कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत आहे. गरीब माणूस आधी फी कुठून आणेल?

सिव्हिल_लाइन्स
गरिबासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. खाजगी वकीलच हवा असेल तर फी टप्प्यांत ठरवा: दाखल करताना थोडी, पुरावा सुरू झाल्यावर थोडी, निकालाला उरलेली. रकमा लिहून घ्या, पावती मागा. आणि कोरा चेक कोणालाही देऊ नका. भरपाई जखमीच्या खात्यात जमा होते, म्हणून टक्केवारीवाले आधीच चेक घेऊन ठेवतात.

पोटी_हेल्मेट
बाईकचं नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर बोलावला का? आधी दुरुस्त केली तर ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

तर्रीपोहा
बाईकचं कोणी विचारलंच नाही राजेहो.

रिंगरोड_रडतोय
टिप्परवाले रात्री काहून मोकाट सुटतात ते आधी विचारा. पारडीपासून वाडीपर्यंत हेच चालू आहे.

मानकापूर_चौक
अपघात 18 मार्चचा. दादा 34 वर्षांचा, हिंगणा एमआयडीसीत मशीन ऑपरेटर, पगार 22 हजार. तो फोनवाला म्हणाला दावा वर्ध्यातच लागतो आणि चार-पाच लाखांत मिटेल.

सिव्हिल_लाइन्स
दोन्ही गोष्टी तपासून घ्या. जखमी जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो तिथंही दावा चालतो, म्हणजे नागपूरच्या जिल्हा न्यायालयातला ट्रिब्युनल (अपघात दाव्यांचं न्यायाधिकरण) चालेल. मुदत 18 सप्टेंबरपर्यंत धरा.

आता आकडा. 22 हजार गुणिले 12 म्हणजे 2,64,000. चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नसेल तर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, झाले 3,69,600. 31 ते 35 वयाला गुणक 16, म्हणजे 59,13,600. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं सिद्ध झालं तर 17,74,080. उपचाराचा खर्च, बुडालेला पगार, वेदनांची भरपाई वेगळी. सगळा खेळ त्या 30 टक्क्यांवर आहे. डॉक्टर सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व लिहितात, ट्रिब्युनल बघतो की आठ तास मशीनसमोर उभं राहणाऱ्या माणसाची कमाई त्यानं किती घटली.

बर्डीवाला
म्हणजे आधी मेडिकलमधून (सरकारी मेडिकल कॉलेजातून) अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढा, मगच दाखल करा.

सिव्हिल_लाइन्स
उलट. हाड पूर्ण जुळल्याशिवाय काढलेल्या सर्टिफिकेटची उलटतपासणीत चिरफाड होते, आणि तोवर मुदत जाते. दावा आत्ता लावा, सर्टिफिकेट पुराव्याच्या वेळी द्या.

झिरो_माईल
वकील पारखायची सोपी युक्ती: ई-कोर्ट्सच्या साइटवर नागपूर जिल्हा न्यायालय निवडा, वकिलाच्या नावानं शोधा, निकाली निघालेले एमएसीपी (अपघात भरपाईचे दावे) उघडून निकाल वाचा. "डॉक्टरांना साक्षीला बोलावले नाही, सबब अपंगत्व सिद्ध नाही" असं दोन-तीन निकालांत दिसलं की तो वकील सोडा. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही, लिहिणारा डॉक्टर पिंजऱ्यात यावा लागतो. पगारासाठी कंपनीचा माणूस हजेरीपत्रक घेऊन यावा लागतो.

समोरासमोर एक प्रश्न जरूर विचारा: टिप्परच्या विमा कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांत, तुम्ही आहात का?

पोटी_हेल्मेट
हेल्मेट होतं का? विमा कंपनी तेच काढेल.

झिरो_माईल
मागून ठोकलंय ना, मग घटनास्थळ पंचनाम्याचा नकाशा महत्त्वाचा. टिप्पर कुठं, बाईक कुठं, घसरल्याच्या खुणा किती लांब. एफआयआर, पंचनामा, एमएलसी (हॉस्पिटलनं पोलिसांसाठी केलेली जखमांची नोंद), टिप्परचं आरसी, पॉलिसी, चालकाचं लायसन्स, सगळ्याच्या प्रती सेलू ठाण्यातून आत्ताच घ्या. औषधाची मूळ बिलं कोणाकडेही सोपवू नका, झेरॉक्स द्या.

मानकापूर_चौक
थांबा. दादा आत्ता सांगतोय, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्या माणसानं एका छापील कागदावर सही घेतली होती. काय होतं ते त्याला माहीत नाही.

सिव्हिल_लाइन्स
वकालतनामा असणार, म्हणजे वकिलाला आपल्या वतीनं केस चालवायचा अधिकार देणारा कागद. ई-कोर्ट्सवर दादाच्या नावानं नागपूर आणि वर्धा दोन्ही ठिकाणी शोधा. दावा लागलेला असेल तर दुसरा मुळीच लावू नका, एका अपघाताचे दोन दावे दिसले की विमा कंपनीला आयतं कोलीत मिळतं.

मानकापूर_चौक
वर्ध्यात सापडला. मे महिन्यात लागलाय, पुढची तारीख 21 ऑगस्ट. मग उद्या सह्या कशाच्या मागतोय?

सिव्हिल_लाइन्स
बहुधा तडजोडीच्या. लोकअदालतीत मिटलं की त्यावर अपील नाही, म्हणून उद्या जाऊ नका. मुदतीची काळजी मिटली. वकील बदलायला आधीच्याची ना हरकत मागा, देत नसेल तर ट्रिब्युनलकडे अर्ज करा. फी बाकी आहे म्हणून त्याला कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 मध्येच सांगितलंय. आणि 21 तारखेआधी दाव्याची प्रमाणित प्रत काढा. त्यात पगार 22 हजारच लिहिलाय ना, ते पहिलं बघा.