ईद आणि एकादशी एकाच दिवशी आली, बातमीही आली. माहिती मात्र आली नाही

पंचांगवाचक (धागालेखक)

२९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या होत्या, हे अनेकांच्या स्मरणात असेल. पंढरपुरासह राज्यातील अनेक गावांतल्या मुस्लिम समाजाने त्या दिवशी कुर्बानी न देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच्या बातम्या आधी वर्तमानपत्रांत व वाहिन्यांवर आणि नंतर कित्येक दिवस व्हॉट्सॲपच्या गटांत फिरत राहिल्या. निर्णय स्वागतार्ह होता, त्याविषयी दुमत असू नये. माझा आक्षेप बातम्यांवर आहे. त्या आठवड्यात माझ्या वाचनात आलेल्या मराठी बातम्यांपैकी एकीतही असे सांगितलेले नव्हते की कुर्बानी पहिल्याच दिवशी द्यावी लागते असे नाही. जिल्हेज या हिजरी (इस्लामी) वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या दहाव्या, अकराव्या किंवा बाराव्या तारखेपैकी कोणत्याही दिवशी ती देता येते, आणि त्यामुळे हा निर्णय इस्लामने दिलेल्या मुभेच्या आतच बसणारा होता. एवढे एक वाक्य गाळले गेल्याने काहींची समजूत झाली की मुसलमानांनी आपला सणच सोडला, आणि त्यातूनच ‘मग दरवर्षी का सोडत नाहीत?’ हा प्रश्न निघाला, जो मी आमच्याच सोसायटीच्या गटात वाचला.

असे दिवस पुन्हा येत राहणार आहेत. दोन्ही कालगणना चंद्रावर चालतात. फरक एवढाच, की आपण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालतो आणि हिजरी वर्ष तसे करत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि पुढच्या वर्षी बकरी ईद १७ जूनला, तर आषाढी थेट १७ जुलैला गेली. त्याच २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकत्र आल्या, मुस्लिम संघटनांनी मिरवणुका दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि राज्य सरकारने सुटीही २९ तारखेला दिली. इतकी सोपी, पंचांग हाती असणाऱ्या कोणालाही कळणारी गोष्ट समजावून सांगायला कोणाला सवड झाली नाही.

‘कुर्बानी का देतात?’ असा प्रश्न मराठीतून इंटरनेटवर शोधून पाहा. एकीकडे वाचकाला धर्माकडे वळवू पाहणारे साहित्य सापडते, दुसरीकडे खिल्ली आणि विखार. मध्ये मराठी विश्वकोश आहे, आणि त्यातील विविध धर्मांवरच्या नोंदी आजही विनामूल्य वाचता येतात ही मोठीच सोय आहे. पण विश्वकोश तत्त्वज्ञान आणि इतिहास सांगतो, शेजारच्या घरात आज काय चालले आहे ते सांगत नाही. वर्तमानपत्रांत दर रमजानला मोहम्मद अली रोडवरच्या मालपुव्याचे वर्णन येते, मात्र रोजा कोणाला माफ असतो, आजाऱ्याने आणि प्रवाशाने काय करायचे, हे कोणी लिहीत नाही. माझे म्हणणे असे, की सलोख्याची बातमी छापणाऱ्याने तिच्यामागची धर्मातील तरतूद त्याच धर्माच्या माणसाकडून मराठीत लिहून घेऊन शेजारी छापावी, आणि असा मजकूर एके ठिकाणी साठवून तो सर्वांना खुला ठेवावा. आपली मते वाचायला आवडतील.

यंत्रमाग

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण त्याचा पायाच मला मान्य नाही. माहिती नाही म्हणून द्वेष आहे, हे गृहीतक तपासून पाहावे. समाजमाध्यमांवर इस्लामविरुद्ध जे लोक रात्रंदिवस लिहितात त्यांना कुराणातील आयतींचे (वचनांचे) क्रमांक तोंडपाठ असतात, आणि हिंदूंच्या ग्रंथांतील नेमका कोणता श्लोक काढून कोणाला डिवचायचे हे दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही चांगले ठाऊक असते. याउलट आमच्या गल्लीत सायझिंगच्या कारखान्यात पंचवीस वर्षे शेजारी शेजारी काम केलेली माणसे आहेत, ज्यांना परस्परांच्या धर्मातले ओ की ठो कळत नाही; पण एकमेकांच्या घरच्या मयतीला खांदा द्यायला ती जातात.

मी भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी या गावाचे नाव देशभर बदनाम झाले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे येथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागाचा पोलीस नेमाने एकत्र बसू लागले. बैठकीत विषय कोणते, तर नळाचे पाणी, गटार, पोरांची भांडणे, लाउडस्पीकर. धर्मग्रंथ कोणी उघडला नाही. पुढे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे काम कोणत्याही संकेतस्थळाने झाले नसते. अफवा उठली तेव्हा तिची शहानिशा कोणाकडे करायची, त्या माणसाचे नाव आणि घर लोकांना माहीत होते, आणि तेवढ्यावर गाव वाचले.

कातळशिल्प

धागालेखकांनी तीन दिवस लिहिले आहेत, त्यात थोडी भर घालते. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहोत (शाफई आणि हनफी या सुन्नी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा), आणि शाफई मताप्रमाणे कुर्बानीचे दिवस चार, म्हणजे तेराव्या तारखेपर्यंत. घाटावरचे बहुसंख्य हनफी, त्यांच्यात तीन. शिवाय ऐपत असलेल्या माणसावर हनफी मताने कुर्बानी वाजिब, म्हणजे जवळपास सक्तीची आहे, तर आमच्यात ती जिच्यावर फार भर दिलेला आहे अशी सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा पाळावा असा प्रघात, मानली जाते. सासर हनफी आणि माहेर शाफई असलेल्या घरांत यावरून जेवताना चर्चा होतात, आणि कोणाचे कोणावाचून अडत नाही. हे अशासाठी सांगते, की ‘इस्लाम असे म्हणतो’ या वाक्याने सुरू होणारा कोणताही माहितीचा तुकडा, मग तो प्रेमाने लिहिलेला असो की द्वेषाने, बहुधा अर्धाच असतो. ‘त्याच धर्माच्या माणसाकडून लिहून घ्यावे’ असे तुम्ही म्हणता. पण तो माणूस कोण, हे ठरवणार कोण? वाहिन्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: दाढीवाले एक गृहस्थ आणि भगव्या वस्त्रातले एक गृहस्थ समोरासमोर बसवायचे आणि मध्ये ओरडणारा निवेदक.

दुसरे थोडे कडू आहे. संवाद म्हणून जे काही माझ्या वाट्याला आले, त्यात प्रश्न नेहमी तिकडून आणि खुलासा नेहमी माझ्याकडून, असाच प्रकार होता. नोकरीच्या ठिकाणी कोठेतरी काहीतरी घडले की दुपारच्या डब्याच्या वेळी सगळे माझ्याकडे पाहतात. मराठीच माझी भाषा आहे, मला लिहिता येते, आणि कोणी मनापासून विचारले तर मी लिहीनही. परंतु प्रत्येक वेळी समाजाची प्रवक्ती म्हणून परीक्षेला बसण्याची माझी तयारी नाही. तुमच्या प्रस्तावित संग्रहात एकादशीला साबुदाणा चालतो आणि तांदूळ का चालत नाही, याचेही उत्तर असणार आहे का? मला ते खरोखर हवे आहे.

विवेकवादी

मूळ धाग्यात आणि वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट सोयीस्करपणे सुटली आहे. धर्माची ‘तरतूद’ समजून घेणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे, आणि ज्या संवादात टीकेला जागा नाही त्याला मी परस्परकौतुकाचा कार्यक्रम म्हणेन. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेतात, तोंडी तलाकाविरुद्ध आवाज उठवतात, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करतात. ही गोष्ट मुसलमान समाज समजून घेण्यासाठी मालपुव्याइतकीच, किंबहुना जास्त, आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाचा तोंडी तलाकावरचा निकाल यायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. तुमच्या संग्रहातील मजकूर ‘त्या धर्माच्या माणसाने’ लिहायचा, तर तो दलवाईंचा वारस लिहिणार की त्यांना धर्माबाहेर काढू पाहणाऱ्यांचा? संपादकाला भांडण नको असते, म्हणून तो दुसऱ्याचीच निवड करील, ही माझी भीती आहे. हाच न्याय हिंदूंनाही लागू आहे. एकादशीचे माहात्म्य सांगणारे शेकड्यांनी सापडतील, पंढरपूरच्या बडव्यांच्या (वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या) आणि मंदिरप्रवेशाच्या इतिहासाविषयी विचारले की आवाज खाली येतो.

महात्मा फुल्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात एक कुटुंब कल्पिले आहे, ज्यात स्त्री बौद्ध, पती ख्रिस्ती, कन्या महंमदी आणि पुत्र सत्यधर्मी होऊनही सर्वांनी प्रेमाने एकत्र राहावे असे म्हटले आहे. त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की प्रत्येकाने आपापला ग्रंथ आधी स्वतः वाचून मग निवड करायची आहे. फुल्यांनी तिथे मध्यस्थ ठेवलेला नाही. मूळ ग्रंथांची विश्वसनीय मराठी भाषांतरे खुली करा. कोणत्याही समाजाचा प्रतिनिधी शोधत बसू नका.

राजेळी

मी वसईचा कॅथलिक. विवेकवादी म्हणतात ‘भाषांतरे खुली करा’, आणि धागालेखकांना लेख साठवायचे आहेत. आमच्याकडे दोन्ही होऊन गेले आहे, म्हणून त्याचे काय झाले ते सांगतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, आणि त्यांनी ते चर्चच्या आवारापुरते राहू दिले नाही. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एवढे मराठीत उपलब्ध असताना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा समाजमाध्यमांवर काय उसळले ते आठवा. आक्षेप घेणाऱ्यांनी त्यांचे लेखन वाचून त्यातले अमुक विधान चुकीचे आहे असे म्हटले असते, तर तो वाद झाला असता आणि फादरांनी तो आनंदाने घातला असता. आक्षेप त्यांच्या झग्यावर होता. जानेवारी २०२० मध्ये संमेलन पार पडले. २०२४ मध्ये ते गेले.

तरीही यंत्रमागांशी मी पूर्ण सहमत नाही. त्या गदारोळात जी मराठी माणसे ठामपणे उभी राहिली, त्यांतील बरीच त्यांचे वाचक होती. नळ आणि गटार यांवरच्या बैठकीने गल्ली वाचते हे खरे; पण पोस्ट नागपुरातून येते, फिरते पुण्यात आणि त्रास होतो वसईत, तिथे कोणती मोहल्ला समिती पुरी पडणार?

निळाई

एक छोटीशी नोंद. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध ५.८१ टक्के आणि ख्रिस्ती ०.९६ टक्के आहेत. तरीही ‘सर्वधर्म’ म्हटले की व्यासपीठावर हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती असतात आणि आम्ही बहुधा ‘सामाजिक प्रश्न’ या वेगळ्या सत्रात. या चर्चेतही फुल्यांच्या अवतरणापलीकडे आमचा उल्लेख आलेला नाही. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे राज्य सरकारने खंडांच्या रूपात प्रसिद्ध केली आहेत, ते खंड इंटरनेटवर उघडता येतात, म्हणजे सामग्रीची उणीव नाही. तरीसुद्धा धर्मांतराच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा उल्लेख इतर समाजांतील माझ्या परिचितांनी ऐकलेला असतो तो केवळ कोणीतरी त्यांवरून भांडण काढले तेव्हा.

पंचांगवाचक (धागालेखक)

निळाई, आपली नोंद रास्त आहे, आणि तिला सबब देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. कातळशिल्प ताई, साबुदाण्याचे उत्तर देतो: एकादशीला धान्य वर्ज्य, आणि साबुदाणा कंदापासून होतो म्हणून चालतो, असे साधारणपणे सांगतात. अर्थात हा कंद परदेशातून आलेला, तेव्हा जुन्या व्रतग्रंथांत त्याला परवानगी शोधू नये. आमच्याही घरात यावरून मतभेद आहेत, आणि ते संग्रहात तसेच्या तसे यावेत.

विवेकवादींच्या भीतीवर मला सुचणारा उपाय असा, की एका प्रश्नाला एकच उत्तर छापू नये. कुर्बानीच्या नोंदीत हनफी मत, शाफई मत आणि ती रक्तदानाच्या किंवा पैशाच्या रूपात व्हावी असे म्हणणाऱ्या मुस्लिम सुधारकांचे मत, तिन्ही शेजारी शेजारी असावीत, आणि प्रत्येकाखाली लिहिणारा कोणत्या भूमिकेतून लिहितो ते स्पष्ट असावे. मूळ ग्रंथांची भाषांतरे हवीतच. पण तीन दिवस की चार दिवस, हे निव्वळ भाषांतर वाचून सामान्य वाचकाला उमगणार नाही. त्यासाठी शेकडो वर्षांची फिक्हची, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राची, परंपरा माहीत असलेला माणूस लागतो, आणि त्याला मध्यस्थ म्हणून नाकारण्यात शहाणपण नाही.

यंत्रमाग

तीन मते शेजारी शेजारी छापलीत तर द्वेष करणारा त्यातले आपल्या सोयीचे एक कापून, त्याचे छायाचित्र करून पाठवील, आणि खाली तुमच्या संग्रहाचे नाव पुरावा म्हणून देईल. याचा विचार केला आहे का?

कातळशिल्प

पाठवील, आणि आजही पाठवतोच, फक्त त्या छायाचित्राखाली आज कोणाचेच नाव नसते. कुर्बानीवरची शाफई बाजू मी लिहून देते. माझी अट एकच आहे: त्याच पानावर एकादशीची नोंदही हवी, आणि तीही घरात खरोखर उपास करणाऱ्या कोणीतरी लिहिलेली.