समुद्राकाठची 2018 ची हिमालयन, घेऊ की सोडू?

फोंडेकर_रायडर
नमस्कार मंडळी, मी फोंड्याला असतो, आजवर फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवलीये. दिवाळीनंतर चोर्ला घाटाने बेळगाव आणि तिथून हंपी करायचा बेत आहे म्हणून सेकंडहँड टुरिंग गाडी बघतोय. कळंगुटला एकाकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 आहे, 2018 ची, मीटर फक्त 19 हजार, मागतोय एक लाख दहा. मालक तारवटी, वर्षातले आठ-नऊ महिने बोटीवर, त्यामुळे गाडी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. रंग मात्र एकदम चकाचक. वर पंधरा-वीस हजार घातले तर होईल ना तयार?

म्हापशाचा_पाना
रंग बघू नको, खाली झोपून बघ. किनाऱ्यावर उभी राहिलेली 19 हजारवाली घेण्यापेक्षा डिचोलीची रोज चाललेली 50 हजारवाली मी डोळे मिटून घेईन. चाललेल्या गाडीचं काय झिजलंय ते कळतं तरी, उभ्या गाडीचं आतून सडतं आणि खारी हवा असेल तर विचारूच नको.

जाताना आधी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका, इंजिन थंड पाहिजे. चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाली की विझला पाहिजे, लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलाय असं समज. मग डबल स्टँडवर लाव, कोणाला तरी मागून दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल एका बोटाने हळू फिरव. मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) नळ्यांवर नख फिरव, गंजाचे बारीक खड्डे लागले तर नवीन ऑइल सील टाकूनही महिन्यात फाटणार, नळ्याच बदलाव्या लागतात आणि तिथे बजेट संपतं. स्पोकवर चावी वाजवत जा, ज्याचा आवाज बद्द तो सैल. सीट काढून वायरिंगचे कपलर बघ, आत हिरवट चुना धरला असेल तर विजेची भुतं आयुष्यभर मागे लागतील.

आणि हो, टाकीत टॉर्च मार. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, अर्धी टाकी ठेवून गाडी दोन पावसाळे उभी केली तर आत गंज आणि पंप तर टाकीतच.

साखळीचो_राम
कागद कोण बघणार बाबा? कळंगुट म्हटलं की पहिली शंका रेंट-अ-बाइकची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी नंतर खासगी करून विकतात, त्यात चूक काही नाही पण दर आठवड्याला नवीन टुरिस्टने दामटलेली गाडी ती. आरसीवरचा प्रकार आणि जुनी नोंद बघ. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवायचा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकन देऊ नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सही मालकाचीच पाहिजे, तो बोटीवर गेला की तू सहा महिने बसशील. इन्शुरन्सपण 14 दिवसांत नावावर करायला टाक.

अजून एक, 2018 ची आहे म्हणजे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेलच असं नाही. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नवीन गाड्यांना सक्ती एप्रिल 2019 पासून झाली. पुढच्या चाकाच्या डिस्कजवळ दात्यांची रिंग आणि सेन्सर आहे का ते बघ.

पायलट_निवृत्त
हंपी कशाला, आधी पणजी-म्हापसा करून दाखव, तेवढी झाली की लडाखपण होईल 😄

फोंडेकर_रायडर
काल जाऊन आलो. कोनसेटला खाच आहे, चेन गंजून कडक, टायर दोन्ही मूळचेच, बाजूला 1418 लिहिलंय म्हणजे 2018 चा चौदावा आठवडा ना? एबीएस नाही. पण फोर्कच्या नळ्या गुळगुळीत, टाकी स्वच्छ (पेट्रोल काढून ठेवलं होतं म्हणे), इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू, बोजा नाही. मी 80 म्हटलं, तो 92 वर आलाय आणि शनिवारी बोटीवर जातोय.

म्हापशाचा_पाना
नळ्या आणि टाकी चांगली म्हणजे महाग रोग नाही. टायरची गोटी (नक्षी) किती शिल्लक आहे ते बघत बसू नको, रबर दगड झालंय, चोर्ल्याच्या ओल्या वळणावर धरणार नाही. पुढे 90/90-21, मागे 120/90-17, ट्यूबसकट नवीन. कोनसेट, चेन किट, फोर्क ऑइल, ब्रेक ऑइल, 15डब्ल्यू50 इंजिन ऑइल, बॅटरी. हे सगळं तुझ्या वीस हजारांच्या थोडं वरच जाईल, हाच हिशोब कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेव आणि 85 ला हो म्हणायला लाव. एबीएस नसल्याचं तुझं तू ठरव, अ‍ॅक्टिव्हावरून येतोयस म्हणून मी तरी महिनाभर घाटात नेणार नाही.

फोंडेकर_रायडर
86 ला झालं, 29-30 वर सह्या घेतल्या. देव बरें करूं सगळ्यांचं. पाना दादा, कोनसेट तुझ्याकडेच बसवायचा आहे, रविवारी उघडा असतोस काय?

म्हापशाचा_पाना
दुपारपर्यंत. चालवत आणू नको, टेम्पोत घालून आण, तो टायर फुटला तर मला शिव्या देशील.