घरातला वाफेचा ड्रायर: घेताना, वापरताना, जपताना आलेले अनुभव सांगा

बाळ झालं आणि त्याच सुमारास पावसानं मुक्काम ठोकला. खुर्च्यांच्या पाठी, दारांच्या कडा, पंख्याखालची दोरी, जिथं जागा मिळेल तिथं कपडे. तरी दुपट्यांचा कुबट वास जाईना, आणि एक दिवस कपाट सरकवलं तर मागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. आठवड्याभरात वाफेची सोय असलेला ड्रायर घरात आला. त्याला आता दोन वर्षं झाली.

घेताना माझी समजूत अशी होती की हा कपडे वाफेनं वाळवतो. तसं नसतं. वाळवण्याचं काम गरम हवाच करते. वाफेचं चक्र वेगळं असतं. त्यात थोडं पाणी तापवून त्याची वाफ ड्रममध्ये सोडतात, धागे सैल होतात, सुरकुत्या उतरतात, कपाटात राहिल्याचा वास जातो. चार-पाच शर्ट असतील तर काम छान होतं, ड्रम भरून कोंबले तर काहीच होत नाही. डाग तर वाफेनं निघतच नाहीत, उलट गरमीनं पक्के बसतात. आणि चक्र संपल्या संपल्या कपडे काढून हँगरला लावले नाहीत, तर त्याच ढिगात नव्या सुरकुत्या पडतात. इस्त्री पूर्ण सुटली नाही, पण रोजच्या कपड्यांची नक्कीच सुटली.

तुमच्याकडे कोणत्या प्रकारचा आहे, काय बिघडलं, कोणते कपडे वाया गेले, निगा कशी राखता, सगळं मोकळेपणानं लिहा. घ्यायच्या विचारात असलेल्यांना याचा फार उपयोग होईल.

*

आमचा नळीचा आहे, म्हणजे दमट हवा भिंतीतून बाहेर टाकणारा. सुरुवातीला टॉवेलांचा घाणा पाऊण तासात वाळायचा. मग एक तास, सव्वा तास, आणि वर्षाच्या शेवटी दोन तासांनीही कडा ओल्याच. कपड्यांचे सुटे तंतू अडकवणारी जाळी मी दरवेळी साफ करत होतो, त्यामुळे यंत्रच कमकुवत निघालं असं धरून चाललो होतो.

शेवटी यंत्र पुढे ओढलं. मागची चंदेरी, घड्या पडणारी नळी भिंत आणि यंत्राच्या मध्ये चेपून अगदी चपटी झाली होती. सोडवली आणि आत हात घातला. प्रत्येक घडीत राखाडी तंतूंचं जाड अस्तर बसलेलं, बोटाला ओल्या घोंगडीसारखं लागणारं. दोन्ही हातांनी ओढत गेलो तर एक उशी भरेल एवढं निघालं. हे तंतू वाळले की ठिणगीलाही पेट घेतात, आणि तेच तापलेल्या हवेच्या वाटेत महिनोन् महिने साचत होते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता आतून गुळगुळीत असलेला पत्र्याचा पाइप बसवलाय, जमेल तितका आखूड आणि सरळ. सांधे स्क्रूनं जोडलेले नाहीत, कारण स्क्रूच्या टोकाला तंतू अडकतात. धातूची चिकटपट्टी लावली आहे. बाहेरच्या तोंडाची झडप ड्रायर चालू असताना उघडते का, ते महिन्यातून एकदा बाहेर जाऊन बघतो. टॉवेल पुन्हा पाऊण तासात वाळतात. वेळ वाढायला लागली की आधी हवेची वाट तपासा, एवढं कळकळीनं सांगतो.

*

वरच्या अनुभवाला जोडून. माझ्या ड्रायरचा ड्रम फिरायचा पण गरम व्हायचा नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसानं थर्मल फ्यूज बदलला आणि गेला. तीन आठवड्यांत तोही उडाला. दुसऱ्या कारागिरानं आधी नळी उघडून दाखवली. हवा तुंबली की आत जास्त तापतं, आणि जास्त तापलं की फ्यूज उडतो, तो त्याचसाठी बसवलेला असतो. फ्यूज गेला तर का गेला, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

*

आमच्याकडे हीट पंपचा आहे. याला बाहेर नळी लागत नाही. दमट हवा गार करून त्यातलं पाणी टाकीत काढतो आणि तीच हवा पुन्हा तापवून फिरवतो. साध्या कॉइलच्या ड्रायरला दोन-अडीच हजार वॅट लागतात, आमचा हजाराच्या आत चालतो. घाण्याला वेळ जास्त लागतो हे खरं, पण वीज निम्म्याच्या आसपास लागते आणि कपड्यांना आच कमी बसते.

पहिल्या महिन्यात मला कपडे ओलसरच वाटायचे. एक मोजा बाहेर काढून पाच मिनिटं टेबलावर ठेवला तेव्हा कळलं, तो कोरडाच होता. फक्त कॉइलच्या ड्रायरसारखा चटका बसेल इतका गरम नव्हता.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, त्यामुळे आणताना आडवा झाला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवायचा आणि मगच चालू करायचा. कडाक्याच्या थंडीत, उबदार नसलेल्या खोलीत तो फार रखडतो. आणि खालच्या झाकणामागे पत्र्याच्या पातळ पात्यांचा जाळीदार ठोकळा असतो (काही यंत्रांत तिथं हात पोचत नाही), त्याच्यावर धूळ बसते. मऊ ब्रश लावून व्हॅक्यूमनं हलकेच ओढायची, पात्यांच्या दिशेनंच. आडवा ब्रश फिरला की पाती वाकतात.

*

धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात, असा माझा आहे. जागा नव्हती म्हणून घेतला. धुतो आठ किलो, वाळवतो पाचच. म्हणजे मधे उठून काही कपडे काढावे लागतात. एकटा राहणाऱ्याला ठीक, मोठ्या घराला नाही.

*

मी घरीच मसाज देते. रोजचे दहा-बारा टॉवेल. धुऊन स्वच्छ दिसायचे, पण तेलाचा अंश राहायचाच. एकदा घाईत चक्र मधेच थांबवलं, गरम टॉवेलांच्या घड्या घातल्या, एकावर एक रचून कपाट लावून टाकलं. तासाभरानं खोलीत करपल्यासारखा वास. कपाट उघडलं तर वरचा टॉवेल नेहमीसारखा पांढरा आणि मधल्या दोन टॉवेलांची घडी तपकिरी झालेली, हात लावता येईना इतकी तापलेली.

वनस्पती तेलाचा हवेशी संयोग होतो तेव्हा उष्णता निघते. गरम कपड्यात ती क्रिया जोरात चालते आणि ढिगाच्या मधली उष्णता बाहेर पडत नाही, वाढतच जाते. कोणी काडी न ओढताही ढीग पेटू शकतो. मी पाच मिनिटं उशिरा गेले असते तर, हा विचार अजून येतो.

तेलाचे टॉवेल आता ड्रायरमध्ये घालतच नाही. गरम पाण्यात दोनदा धुते आणि दोरीवरच वाळवते. बाकीच्या कपड्यांचंही शेवटचं गार हवेचं चक्र कधी तोडत नाही. ते वेळ घालवायला दिलेलं नाही. पुसायची फडकी, मसाज घेताना अंगात असलेले कपडे, सगळ्यांनाच हे लागू आहे.

*

माझा ड्रायर अचानक दहा मिनिटांतच 'कपडे वाळले' म्हणायला लागला. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन बारीक पट्ट्या असतात, ओला कपडा त्यांना लागला की यंत्राला ओल कळते. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा अदृश्य थर त्यांच्यावर चढला होता. व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसल्या, बोळा करडा झाला, आणि यंत्र ताळ्यावर आलं. तोच थर जाळीवरही बसतो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार गेलं तर ठीक, वर साचलं तर साबण लावून दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

*

आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर चुकून टॉवेलांबरोबर गेला. बाहेर आला तो पाच वर्षांच्या मुलाला बसेल एवढा, आणि जाड, नमद्यासारखा. ओली लोकर गरमीत आपटत राहिली की तिचे तंतू एकमेकांत गुंततात, ते पुन्हा सुटत नाहीत. तो मी टाकलेला नाही.

कपड्याच्या पट्टीवर चौकोनात गोल असतो, तो ड्रायरचा. आत एक टिंब म्हणजे कमी आच, दोन म्हणजे मध्यम. त्यावर फुली असेल तर घालायचा नाही. तेव्हापासून ड्रायरमध्ये न जाणाऱ्या कपड्यांची टोपली मी वेगळी ठेवते.

*

पांघरुणाच्या खोळीत बाकीचे कपडे जाऊन बसतात आणि मोठा गोळा होतो, बाहेरून कोरडा, आतून चिंब. खोळीची बटणं लावून टाका. पिसांच्या जाकिटाबरोबर दोन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकले की पिसं फुलतात. आवाज खूप होतो, रात्री नको.

*

घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर चालू करण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघा. दरवेळी. मांजरांना तिथली ऊब फार आवडते. आमची एकदा चादरीखाली सापडली, दार लावायच्या आधी, नशिबानं. आता दार कधीच उघडं राहत नाही.

*

मी सत्तरी ओलांडलेली बाई. बोटांचे सांधे धरलेत, ओली चादर उचलून दोरीवर टाकणं जमेना. दर आठवड्याला कुणाची तरी वाट बघायची. धुण्याच्या यंत्राचा पिळण्याचा वेग मिनिटाला बाराशे फेऱ्यांवर ठेवते, पाणी तिथंच बरंचसं निघून जातं, मग ड्रायरला कमी वेळ लागतो. ऊबदार चादर हातात येते तेव्हा दुखणाऱ्या बोटांना बरं वाटतं. आता माझी चादर मी स्वतः बदलते. अडचण एकच, जाळी घट्ट बसते, ओढताना बोटं कळवळतात. काही उपाय?

*

आजी, जाळीच्या मुठीला सुती नाडीचा पक्का फास बांधा, मनगट जाईल एवढा मोठा. बोटांनी चिमटीत धरायची गरज नाही, मनगट अडकवून हात मागे घ्यायचा. जाळी बसवताना नाडी बाहेरच राहू द्या, फक्त दारात चेपत नाही ना एवढं बघा. माझ्या सासूबाईंना असंच करून दिलंय. नाही जमलं तर लिहा, त्याचा फोटो टाकते.