मदत हवी आहे: बॉस्टनमध्ये चार्टर शाळेत नंबर लागलाय, घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

लेक पुढच्या वर्षी सहावीत जाईल. मार्चच्या सोडतीत ती प्रतीक्षायादीत 41वी होती, म्हणून आम्ही तो विषय सोडूनच दिला होता. परवा पोळ्या लाटताना फोन आला, "जागा आहे, शुक्रवारपर्यंत कळवा." तेव्हापासून घरात दुसरं बोलणं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, पण कारभार तिच्या स्वतःच्या मंडळाकडे. फी शून्य. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. मॅसॅच्युसेट्समध्ये सनद (म्हणजे शाळा चालवायचा परवाना) 5 वर्षांची, मग राज्य तपासणार. बाबा (निवृत्त जि. प. शिक्षक) फोनवर म्हणाले, "म्हणजे आपली अनुदानित शाळाच की!" तसं नाही, म्हटलं, इथे मूल गेलं की त्याच्या वाट्याचा पैसाही सरकारी शाळांच्या तिजोरीतून मागोमाग जातो. बाबा गप्पच झाले. दर जूनमध्ये पट टिकवायला वाड्यावस्त्यांवर फिरलेला माणूस तो.

माझंही तिथेच अडलंय. प्रत्येक वर्गातून एकेक मूल गेलं तरी बस, हीटिंग, शिक्षक तेवढेच लागतात. राज्य काही वर्षं थोडी भरपाई देतं, इतकंच. 2016 साली दरवर्षी जास्तीत जास्त 12 नव्या किंवा वाढीव चार्टरना वाट मोकळी करायचा प्रस्ताव राज्यात मतदानाला आला, तेव्हा सुमारे 62 टक्के लोकांनी तो फेटाळला, तोही मुख्यतः याच मुद्द्यावर.

दुसरीकडे इथल्या एमआयटी विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ पराग पाठक, जोशुआ अँग्रिस्ट वगैरेंचा अभ्यास. त्यांनी सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली. बॉस्टनच्या चार्टरमध्ये, विशेषतः गणितात, चांगलाच फरक दिसला. अर्ज दोन्हीकडच्या पालकांनी केलेला, त्यामुळे "जागरूक पालकांचीच मुलं तिथे जातात" म्हणून तो उडवून लावता येत नाही.

पण शाळा बघायला गेलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये जमिनीवर निळी टेप चिकटवलेली, आणि मुलं तिच्यावरून ओळीने, तोंडातून चकार शब्द न काढता चाललेली. एकाचा शर्ट बाहेर आला होता, बाईंनी लगेच पाटीवर खूण केली. माझी पोरगी झोपेतही बोलते हो!

कुणाची मुलं बॉस्टनच्या चार्टरमध्ये आहेत किंवा होती का? बडबड्या मुलांचं तिथे काय होतं? वर्षाच्या मध्यात परत यावंसं वाटलं तर जुन्याच शाळेत जागा मिळाली का, की दुसरीकडे पाठवलं? आणि इथल्या सरकारी शाळेत शिकवणारं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा, कडू असलं तरी चालेल.

"मुलीचं हित बघा, बाकी सोडा" एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. ते सासूबाई सकाळ-संध्याकाळ सांगताहेत.